लेखनातील चूक आणि शिकणारा मेंदू

१. वादात नसलेला पक्ष

मराठीच्या लेखनपद्धतीविषयीचा वाद शतकाहून अधिक जुना आहे. साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी उच्चारानुसारी लेखनाचा पुरस्कार केला आणि लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याचा प्रतिवाद केला, तेव्हापासून या वादाचे दोन पक्ष जवळजवळ तसेच राहिले आहेत. एका पक्षाच्या मते लेखनाने शब्दाचे कूळ सांगावे. दुसऱ्याच्या मते शब्दाचा उच्चार सांगावा. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली आणि व्यवहारापुरता हा वाद मिटला. तो मिटवताना व्याकरणकार, संपादक, मुद्रक आणि शासन या सर्वांच्या सोयीगैरसोयींचा विचार झाला. लिहावयास नुकतेच शिकणाऱ्या मुलाच्या मेंदूत काय घडते याचा विचार मात्र झाला नाही आणि तो होणे तेव्हा शक्यही नव्हते. कारण त्याविषयीचे ज्ञान फारच तुटपुंजे होते.

आज ती स्थिती राहिलेली नाही. वाचनलेखनाच्या मेंदूगत प्रक्रियेविषयी गेल्या तीन-चार दशकांत पुष्कळ संशोधन झाले असून त्यातील काही थेट देवनागरीविषयी आहे. या संशोधनाची दखल मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या शाखांनी घेतली; मराठीच्या विभागांनी ती पुरेशी घेतलेली दिसत नाही. लेखनाचे नियम शिकवणे आणि चुकांखाली तांबड्या रेघा ओढणे हे काम मात्र मराठीच्या अध्यापकाकडेच आहे. या संशोधनाच्या प्रकाशात विद्यार्थ्याच्या लेखनातील चुकांकडे पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांना आपण बेफिकिरीच्या चुका म्हणतो त्यांतील मोठा भाग नियमबद्ध असतो, आणि तो नियम मराठीचाच असतो.

२. एका पाटीवरील दोन शब्द

पुणे शहराच्या पूर्वेस, हडपसरच्या पुढे मांजरी हे गाव आहे. मुळामुठेच्या एका तीरावर मांजरी बुद्रुक व दुसऱ्या तीरावर मांजरी खुर्द अशी त्याची विभागणी आहे. ऊस व द्राक्षे यांच्या संशोधनसंस्थांमुळे हे नाव महाराष्ट्रभर परिचित आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर ‘मांजरी बुद्रुक’ नावाचे स्थानक असून २०२१ मध्ये मांजरी बुद्रुकचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला. वाचन शिकणाऱ्या मुलापुढे हे साधे ग्रामनाम किती प्रश्न उभे करते, हे पाहण्यासारखे आहे.

‘मांजरी’ या शब्दातील अनुस्वार येथे ‘न्’चे काम करतो, ‘मांडव’मध्ये तोच टिंब ‘ण्’चे आणि ‘आंबा’मध्ये ‘म्’चे काम करतो. ‘ज’ हे अक्षर ‘जीवन’मध्ये तालव्य आहे, येथे ते ‘मांजर’मधल्यासारखे दंतमूलीय आहे, लिपीत दोहोंसाठी चिन्ह एकच. शिवाय ‘ज’मधील ‘अ’ बोलताना जवळजवळ लोपतो. रोमी लिपीत हे नाव लिहिताना कोणी ‘ज’नंतर स्वर घालतो, कोणी गाळतो, लिपी पाहून लिहिणारा आणि कानाने ऐकून लिहिणारा यांच्यातला हा फरक आहे. ‘बुद्रुक’ या फारसी मूळ असलेल्या शब्दात ‘द्रु’ हे जोडाक्षर उकारासह येते. ‘गरीब’, ‘वकील’, ‘फूल’ यांना लागणारा उपान्त्य दीर्घत्वाचा नियम लावला तर हा शब्द ‘बुद्रूक’ व्हावयास हवा. रूढी मात्र ऱ्हस्वाची आहे. ‘खुर्द’मध्ये रफार ‘द’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात ‘र्’ ‘द’च्या आधी येतो.

‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो’ हे विधान वर्गावर्गांतून केले जाते. इंग्रजीच्या तुलनेत ते खरे वाटते. परंतु एका गावाच्या नावानेच त्यातील अपुरेपण दिसून येते. त्यातही एक भेद लक्षात घेतला पाहिजे. लिहिलेली मराठी वाचताना ध्वनी बहुतांशी निश्चित करता येतो. ऐकलेली मराठी लिहिताना अक्षर तितके निश्चित करता येत नाही. अक्षराकडून ध्वनीकडे जाणारी वाट सरळ आहे, ध्वनीकडून अक्षराकडे येणारी वाट फाटे फुटलेली आहे. वाचन बरे असलेल्या मुलाचे लेखन अशुद्ध का, या अध्यापकांच्या नित्याच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

३. वाचनासाठी मेंदूत आयती जागा नाही

बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते. वाचणे शिकवावे लागते. लेखनकलेचा इतिहास सुमारे पाच हजार वर्षांचा आहे. उत्क्रांतीच्या दृष्टीने हा काळ इतका अल्प आहे की वाचनासाठी मेंदूत स्वतंत्र अवयव घडणे शक्य नव्हते. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहान यांनी याचे स्पष्टीकरण ‘पुनर्वापरा’च्या कल्पनेने केले. डाव्या गोलार्धाच्या खालच्या अंगास, दृष्टीचा प्रदेश संपून कानशिलाकडील प्रदेश सुरू होतो तेथील मज्जापेशी मुळात वस्तूंचे व आकृत्यांचे बारकावे ओळखतात. साक्षर होताना त्यांतील काही भाग अक्षरांच्या व शब्दांच्या रूपांकडे वळवला जातो आणि तो वाणीच्या व अर्थाच्या केंद्रांशी जोडला जातो. देहान आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरक्षर, प्रौढपणी साक्षर झालेले आणि बालपणापासून साक्षर असलेले अशा व्यक्तींची तुलना होती. वाचन शिकल्याने दृष्टीच्या प्रक्रियेतच नव्हे, तर बोललेली भाषा ऐकण्याच्या प्रक्रियेतही बदल होतो, असे तीत आढळले.

देवनागरीच्या बाबतीत लखनौ परिसरातील खेड्यांत झालेला अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. तेथील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सुमारे सहा महिने हिंदी वाचन-लेखन शिकवण्यात आले आणि आधीच्या व नंतरच्या मेंदूचित्रांची तुलना करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मेंदूच्या खोलवरच्या भागांचा दृष्टिकेंद्राशी असलेला समन्वय एवढ्या अल्प काळातही बदलला होता. म्हणजे तिशी ओलांडलेला मेंदूही अक्षरओळखीने स्वतःची जुळणी बदलतो.

वाचन आणि लेखन या एकाच क्षमतेच्या दोन बाजू आहेत, हा समज तर त्याहून पुष्कळ आधी मोडीत निघाला होता. जूल देजेरीन या फ्रेंच वैद्याने १८९२ मध्ये एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची वाणी शाबूत होती, तो लिहूही शकत होता. पण स्वतः लिहिलेले त्यालाच वाचता येत नव्हते. मेंदूतील एका मर्यादित इजेने वाचन गेले आणि लेखन राहिले. या दोन क्रिया परस्परांवर अवलंबून असल्या तरी एकरूप नाहीत, हे त्या एका उदाहरणाने दाखवून दिले. विद्यार्थी पुष्कळ वाचतो म्हणून तो शुद्ध लिहीलच, ही अपेक्षा या वस्तुस्थितीशी जुळत नाही.

४. बाराखडीचा भार

लॅटिन लिपीत वाचणाऱ्या मुलास चोवीस-सव्वीस चिन्हे शिकावी लागतात. मराठी मुलास व्यंजनांची बाराखडी धरली तर चारशेहून अधिक अक्षररूपे ओळखावी लागतात आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. ही सर्व रूपे सुटी पाठ करावयाची नसतात. व्यंजन आणि स्वरचिन्ह यांची जुळणी एकदा उमगली की नवे अक्षर मूल स्वतः जोडू शकते. पण ती जुळणी उमगण्यास वेळ लागतो. अक्षर हे एकाच वेळी उच्चाराचा एक घास आणि त्यातील घटकध्वनींचा नकाशा असते. मुलाला आधी घास कळतो, नकाशा नंतर. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्षरज्ञानाची वाढ प्राथमिक शाळेची बरीच वर्षे चालू राहते आणि सुट्या ध्वनींची जाणीवही सावकाश येते, असे दाखवले आहे. कन्नड आणि देवनागरी यांचे अक्षरतत्त्व एकच असल्याने हा निष्कर्ष मराठीसही लागू पडावा.

दृष्टीचा क्रम व उच्चाराचा क्रम जेथे जुळत नाही तेथे अडचण वाढते. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांच्या अभ्यासात ऱ्हस्व वेलांटीचे शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो असे नोंदवले. ही वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते आणि नंतर उच्चारली जाते, हे त्याचे कारण. ‘खुर्द’मधील रफार याच जातीचा आहे. लिपिसुधारकांनी ही विसंगती पूर्वीच हेरली होती. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याची शिफारस केली होती. ती टिकली नाही. सुधारकांचे लक्ष बव्हंशी खिळ्यांच्या पेटीकडे व टंकयंत्राच्या कळांकडे होते. शिकणाऱ्याच्या डोळ्याचा पुरावा त्या काळी कोणापाशीच नव्हता.

महाराष्ट्रातील प्रत्यक्ष स्थितीविषयी वाडा तालुक्यातील अभ्यासाचा उल्लेख आवश्यक आहे. शैलजा मेनन व सहकाऱ्यांच्या २०११ ते २०१६ या काळातील प्रकल्पात कर्नाटकातील यादगीर आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील वाडा येथील प्राथमिक शाळांतील मुलांचे वाचन-लेखन अनेक वर्षे पाहण्यात आले. तिसरीच्या अखेरीसही पुष्कळ मुले अक्षरांवर, विशेषतः मात्रायुक्त अक्षरांवर अडखळत होती आणि वर्गातील वेळ फळ्यावरचे उतरवून घेण्यातच फार जात होता. अर्थपूर्ण वाचन आणि स्वतःच्या मनचे लेखन यांना फारसे स्थान नव्हते.

यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात आलेल्या इंग्रजीची भर पडली आहे. राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्रातील नंदिनी चटर्जी सिंह व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की हिंदी आणि इंग्रजी दोन्ही लहानपणीच एकत्र शिकलेल्या वाचकांचा मेंदू देवनागरीसाठी ध्वनिजुळणीच्या मार्गावर अधिक भर देतो आणि इंग्रजीसाठी शब्दाच्या अखंड रूपावर. मुलाला दोन लिप्यांबरोबर वाचनाच्या दोन सवयीही एकाच वेळी घडवाव्या लागतात. मांजरीसारख्या गावांत शेतीची जागा वसाहतींनी घेतली आणि नाना भागांतून आलेली कुटुंबे तेथे राहू लागली. अशा ठिकाणी घरची बोली ही तिसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. घरी ‘पानी’ ऐकणारे मूल ‘पानी’ लिहिते, तेव्हा ते कानाशी प्रामाणिक असते.

५. चुकीचा नियम

या सर्व विवेचनाचा खरा कस ऱ्हस्व-दीर्घाच्या प्रश्नावर लागतो. आजच्या मराठी उच्चारात इ-ई आणि उ-ऊ यांचा भेद अर्थभेदक राहिलेला नाही. स्वर लांब की आखूड हे शब्दातील त्याच्या स्थानावरून ठरते. ‘दिन’ व ‘दीन’ एकसारखेच ऐकू येतात. ‘गुण’ आणि ‘फूल’ यांतील उकारांच्या लांबीत फरक नाही. मोडी लिपीने हा भेद कधी पाळलाच नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील असंख्य कागद त्याविना लिहिले गेले आणि राज्यकारभार अडला नाही.

महामंडळाच्या नियमांनी या वस्तुस्थितीची अर्धी दखल घेतली. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी काढले आणि ‘नांव’, ‘कांहीं’ यांचे ‘नाव’, ‘काही’ झाले. अन्त्य इकार-उकार दीर्घ केले, त्यामुळे ‘कवि’, ‘गुरु’ यांचे ‘कवी’, ‘गुरू’ झाले. मराठी शब्दांत ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘गरीब’ पण ‘गरिबाला’ हा उच्चारातील जिवंत बदल मान्य केला. तत्सम शब्दांच्या अंतर्भागात मात्र संस्कृतातील ऱ्हस्व-दीर्घ कायम ठेवले. म्हणून ‘गुण’ ऱ्हस्व, ‘गीत’ दीर्घ, आणि ‘गीताला’ हेही दीर्घच.

आता विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका पाहाव्यात. ‘परीक्षा’ऐवजी ‘परिक्षा’, ‘आशीर्वाद’ऐवजी ‘आशिर्वाद’. आणि दुसरीकडे ‘मंदिर’ऐवजी ‘मंदीर’, ‘नागरिक’ऐवजी ‘नागरीक’, ‘सामाजिक’ऐवजी ‘सामाजीक’. पहिल्या गटात दीर्घाचा ऱ्हस्व झाला आहे, दुसऱ्यात ऱ्हस्वाचा दीर्घ. वरवर पाहता हा गोंधळ वाटतो. वस्तुतः तेथे एकच नियम काम करीत आहे. शब्दाच्या मध्ये आलेला इकार मराठीत आखूड उच्चारला जातो, म्हणून ‘परिक्षा’. शब्दाच्या अखेरच्या अकारान्त अक्षराआधी आलेला इकार लांबतो, म्हणून ‘मंदीर’. ‘गरीब’ आणि ‘गरिबाला’ यांच्यासाठी शासनमान्य असलेला नियमच विद्यार्थ्याने ‘मंदिर’ व ‘परीक्षा’ यांना लावला आहे. त्याला नियम येत नाही असे म्हणता येणार नाही. हा शब्द तत्सम आहे आणि म्हणून येथे तो नियम चालत नाही, ही माहिती त्याला नाही. ती शब्दाच्या ध्वनीत कोठेच नसते. कानाला जे ऐकू येत नाही आणि अक्षराच्या घडणीवरून जे अनुमानता येत नाही, ते मेंदूला शब्दागणिक स्मरणात ठेवावे लागते.

असे स्मरण कसे घडते, याविषयीही संशोधन काही सांगते. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार मूल एखादा शब्द ध्वनी जुळवून यशस्वीपणे वाचते, त्या प्रत्येक वेळी त्या शब्दाचे रूप स्मरणात अधिक पक्के होते. पण उटा फ्रिथ यांनी १९८० च्या सुमारासच दाखवले होते की काही उत्तम वाचक दुर्बळ लेखक असतात. ते शब्दातील मोजक्या खुणांवरून तो ओळखतात आणि पुढे सरकतात. मराठीत अर्थ कळण्यासाठी ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहण्याची गरज क्वचितच पडते. वाक्याचा संदर्भ पुरेसा असतो. त्यामुळे वाचनाने त्या खुणेचे स्मरण पक्के होत नाही. पदव्युत्तर वर्गापर्यंत ‘परिक्षा’ टिकून राहते, याचे कारण आळसात शोधण्याआधी येथे शोधले पाहिजे.

६. दोन आक्षेप

या प्रतिपादनावर दोन विरुद्ध दिशांनी आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की चुकीचे कारण सांगणे म्हणजे चुकीला मोकळीक देणे होय. अशाने भाषेचे वळण बिघडेल. कारण समजणे आणि समर्थन करणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘परिक्षा’ चूक आहे व चूकच राहावी. पण ती कोणत्या जातीची आहे हे ओळखल्याशिवाय सुधारणारा अध्यापक दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा देतो, आणि अकराव्या वेळी विद्यार्थ्याचा कान पुन्हा आपले म्हणणे खरे करतो. शिवाय प्रमाणलेखन हे आपल्या समाजात परीक्षा, नोकरी आणि प्रतिष्ठा यांच्या दाराशी उभे असते. संस्कृतचे संस्कार असलेल्या घरातील मुलाला तत्समाची जाण घरीच मिळते. इतरांना ती वर्गातच मिळू शकते. वर्गाने ती दिली नाही आणि गुण मात्र कापले, तर कापले जातात ते घराचे गुण.

दुसरा आक्षेप असा की भेद उच्चारात नसेल तर तो लेखनातूनही काढावा. मोडीचे उदाहरण समोर आहेच. हा तर्क आकर्षक असला तरी घाईचा आहे. मेंदूविज्ञान एखाद्या लेखनपद्धतीची किंमत सांगू शकते. ती किंमत मोजावी की नाही हे ते ठरवू शकत नाही. इंग्रजीची आणि चिनीची लेखनपद्धती मराठीहून कितीतरी अवघड आहे, तरीही मुले त्या शिकतात. १९६२ नंतर सहा दशके छापलेल्या ग्रंथांची रूपे वाचकांच्या स्मरणात रुजली आहेत. ती मोडल्यास जुन्या वाचकाला नव्याने शिकावे लागेल आणि नव्या वाचकाला जुना ग्रंथ परका होईल. ‘परीक्षा’, ‘समीक्षा’, ‘प्रतीक्षा’ व ‘निरीक्षण’ यांतील ‘ईक्ष्’ हा धातू डोळ्यांना एकसारखा दिसण्यातही लाभ आहे. तेव्हा नियम बदलण्याआधी ते शिकवण्याची रीत बदलून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

७. मराठीच्या विभागांचे काम

पहिली गोष्ट म्हणजे ‘बोलतो तसे लिहितो’ हे अर्धसत्य सोडून द्यावे. कोठे कान पुरतो आणि कोठे पुरत नाही, हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे. कानाने लिहिता येणारे मराठी शब्द व त्यांची सामान्यरूपे आधी पक्की करावीत. मग तत्सम शब्दांचा गट वेगळा म्हणून दाखवावा आणि तोही शब्दकुलांनी. ‘इक’ हा प्रत्यय ऱ्हस्व असतो एवढे कळले की ‘सामाजिक’, ‘नागरिक’, ‘आर्थिक’, ‘धार्मिक’ असे शेकडो शब्द एकदम सुटतात. ‘ईक्ष्’ धातू कळला की ‘परीक्षा’ कायमची सुटते. नियमांची क्रमवार यादी पाठ करण्यापेक्षा अशी मांडणी स्मरणाच्या रीतीशी अधिक जुळणारी आहे.

दुसरी गोष्ट गुणदानाची. एकाच प्रकारची चूक उत्तरपत्रिकेत वीस वेळा आली, तर ती वीस चुका नसून एका नियमाविषयीचे अज्ञान आहे. आशयाचे आणि लेखनाचे गुण वेगळे ठेवले, तर विद्यार्थ्याला कशाची उणीव आहे हे त्यालाही कळेल. ज्यांचे वाचन-लेखन खरोखरच मज्जासंस्थेच्या घडणीमुळे अडते, अशा मुलांना ओळखणेही त्यामुळे सोपे होईल. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्यता दिली आहे आणि तिची चाचणी हिंदी, मराठी व कन्नडमध्येही तयार झाली आहे. पण सर्वसाधारण मराठी मूल कोणत्या इयत्तेत कोणत्या चुका करते, याची तपशीलवार नोंद असल्याखेरीज असाधारण चूक कोणती हे ठरवणार कसे?

ही नोंद हेच तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत दरवर्षी मराठीतून लिहिलेल्या लक्षावधी उत्तरपत्रिका जमतात आणि ठरावीक मुदतीनंतर त्या रद्दीत जातात. त्यांतील काही भाग नावे व क्रमांक वगळून अभ्यासासाठी राखता आला. प्रदेश, बोली, शालेय माध्यम यांनुसार त्यांतील चुकांचे वर्गीकरण झाले. तर मराठीच्या लेखनव्यवहाराचा अनमोल संग्रह उभा राहील. जुन्या हस्तलिखितांतील लेखनिकांच्या प्रमादांवरून पाठचिकित्सा करणारी आणि उच्चारांचा इतिहास मांडणारी परंपरा मराठीत आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाची चूक ज्या विभागात पुरावा मानली जाते, त्याच विभागात आजच्या विद्यार्थ्याची चूक केवळ अपराध मानली जावी, ही विसंगती आहे. ‘मंदीर’ लिहिणारा विद्यार्थी आजच्या मराठीची ध्वनिव्यवस्था आपल्या हाताने नोंदवून ठेवीत असतो. ती नोंद वाचावयास शिकणे हे मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि ते त्याच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.